कोथळी आणि कोथळा

नंदुरबारच्या फलाटावर माय माझ्यापासून पाच हात लांब उभी होती. गाडी यायला वेळ होता. आबा दमणीचे बैल सोडून बाहेर बसले होते, आणि आमचे हे ट्रंकेवर बसून विडी ओढत होते. मी एका गोणपाटावर वेगळी बसले होते, कारण तो माझा दुसरा दिवस होता. मायने ज्वारीच्या बिबड्या-पापडांचं गाठोडं माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली, मग मी ते उचललं. शेजारी खांडबाऱ्याला जाणारी एक म्हातारी बसली होती. ती मायला म्हणाली, “मायलेकींचं भांडण शे का?” गाडी आली, मी चढले, आणि माय खिडकीखालून पण हात न लावता म्हणाली, “पोटले जप वं आंडेर.” आई लेकीला पोट जपायला सांगते, म्हणून डब्यातल्या बायांना वाटलं मला दिवस गेलेत. त्यांनी मला ऐसपैस जागा करून दिली, आणि नवापूर येईपर्यंत मी ती जागा गपचूप वापरली.

भाऊ, वहिनी, आणि आपल्या गावातून माझ्यामागे सुरत-उधन्याला आलेल्या सगळ्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. माय जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला मी आले तेव्हा जेवणं झाल्यावर ओट्यावर पुन्हा तोच किस्सा निघाला. म्हातारी कशी सुरतेच्या दवाखान्यात गेली, कोथळीचा कोथळा कसा ऐकला, आणि पोरीला कशी ओढत घेऊन आली. सगळे हसले. भाऊ, तूही हसलास. मीसुद्धा तोंडाला पदर लावला, तुम्हाला वाटलं मी हसते आहे. तो किस्सा तुम्हाला अर्धाच माहीत आहे, आणि उरलेला अर्धा माझ्याकडे आहे.

माझं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक होतं. न्हाण आलं त्या वर्षापासून दर महिन्याला तीन दिवस मी मागच्या पडवीत जमिनीवर गडबडा लोळायची. कमरेत सुऱ्या फिरत. पुढे पुढे शौचाला बसतानाही डोळ्यांसमोर अंधारी येऊ लागली. माय शेपा उकळून द्यायची, वीट तापवून फडक्यात गुंडाळून काठीने माझ्याकडे सरकवायची. हात लावायची नाही, कारण त्या दिवसांत शिवायचं नसतं. ज्या दिवसांत मला कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं नेमके तेच दिवस हे. यात मायचा दोष नव्हता, तिलाही कुणी धरलं नव्हतं. पडवीच्या उंबऱ्याअलीकडे बसून ती निवडणं-टिपणं करायची आणि माझ्याबरोबर कण्हायची. तळोद्याच्या वरच्या पाड्यातला भगत येऊन गेला, त्याने पाला दिला. बाकी सगळ्यांचं औषध एकच होतं. माय म्हणायची, “पोऱ्या व्हयना की बठ्ठं थांबी जाई.”

मूल झालं की सगळं थांबणार होतं, पण पोऱ्या झाला नाही. लग्नाला सहा वर्षं होत आली तरी नाही. आमचे हे नंदुरबारला कापसाच्या जिनात इंजिनावर होते, त्यांना सुरतेच्या एका गिरणीच्या इंजिनखात्यात जागा मिळाली आणि आम्ही निघालो. सासूबाई म्हणाल्या, पाणी बदललं की कूस उजवते. मलाही ते पटलं होतं.

सुरतेत खोली एकच. दूर बसायला दूर असं काही नव्हतंच, चुलीपासून चार पावलांवर भिंत. पहिल्या महिन्यात मी पोतं टाकून कोपऱ्यात बसले आणि यांनी खिचडी केली. आयुष्यात कधी पातेलं न धरलेला माणूस, मीठ दोनदा घातलं. मी खाऊन म्हटलं, छान झाली. तुम्हाला इथल्या माझ्या बोलण्याची गंमत वाटते ना, तर ती अशीच हळूहळू आली. पोळीची रोटली झाली, दाराचं बारणं झालं, आजारी पडले तर मांदी पडले. नळावर आपल्याकडच्या बाया गुजरात्यांशी हातवारे करून बोलायच्या, मी मात्र वर्षभरात फाडफाड बोलायला लागले. शाळेत मराठी चौथी झालेली एकटी मीच. त्यामुळे वाण्याकडे, दूधवाल्याकडे, कुणाला काही समजलं नाही की बाया मला पुढे करायच्या. मला त्याचा फार गर्व होता, आणि पुढचं सगळं त्या गर्वामुळेच झालं.

शेजारी सविताबेन म्हणून बाई होत्या, नवसारीकडच्या. एका महिन्यात मी नळावरच कोसळले तेव्हा त्या मला उचलून बायकांच्या इस्पितळात घेऊन गेल्या. तिथली मोठी डॉक्टर पारशीण होती, उंच, चष्मेवाली, बोलायला तुसडी. मी म्हटलं, आज नको, आज मी बाजूला आहे. तिने ऐकलंच नाही. तिने माझ्या पोटावर हात ठेवला, आणि नर्सने माझं डोकं धरून ठेवलं. मला रडू आलं ते दुखण्याने नव्हे. त्या दिवसांत, मी शुद्धीवर असताना, माझ्या अंगाला माणसाचा हात पहिल्यांदाच लागला होता.

तपासून झाल्यावर तिने मला समजावलं. आतलं जे दर महिन्याला बाहेर पडायचं, ते माझ्या अंगात भलत्याच जागी वाढत होतं आणि तिथेच रक्ताळत होतं. बाहेर जायला वाट नाही, म्हणून साचतं, वाळतं, आणि आतडी-बितडी एकमेकांना चिकटतात. खरकट्या परातीत पीठ वाळून घट्ट बसतं तसं, एवढं मला कळलं. मग तिने डाव्या अंगाला बोट दाबून म्हटलं, “आ कोथळी काढवी पडशे, बेन.” आणि थोडं थांबून विचारलं, “छोकरां तो जोईए ने?” मुलं तर हवीत ना. मी मान खाली घातली. मला वाटलं ती माझी कीव करते आहे.

कोथळी म्हणजे पिशवी. नळावर मी हा शब्द ऐकला होता. सविताबेनच्या नणंदेची कोथळी काढली, मग तिचा संसार आटोपला, असं बाया बोलायच्या. तेव्हा माझ्या हिशेबी गोष्ट सरळ होती. ही माझी गर्भाची पिशवी काढणार, दुखणं जाणार, आणि मूल कधीच होणार नाही. मी काही विचारलं नाही. विचारायचं तर असली जागा नावाने सांगावी लागते, आणि तसं नाव उच्चारण्याची मला लाज. शिवाय दुभाषी म्हणून मिरवणाऱ्या बाईने काय समजलं नाही म्हणून विचारायचं?

आठ दिवस मी आणि हे त्या खोलीत एकमेकांकडे बघत बसलो. मला दोन्ही हवं होतं. मूल हवं होतं, आणि ते तीन दिवस नको होते. बाकी सतरा प्रकारे विचार केला तरी येऊन जाऊन एवढंच. हे म्हणाले, “तू म्हणशील तसं.” तुम्हाला वाटेल किती चांगला माणूस, आणि ते चांगलेच होते. पण त्या वेळी कुणी मला कर म्हणालं असतं किंवा नको म्हणालं असतं तर बरं झालं असतं. शेवटी मी हो म्हटलं, यांनी कार्ड टाकलं आणि मायला बोलावलं.

माय एकटी आली. आगगाडीत ती पहिल्यांदाच बसली होती. मी वॉर्डात होते, आणि नशीब असं की माझे दिवस सुरू झालेले. माय दारातच थांबली. नर्स तिला समजावून सांगू लागली, “माजी, कोथळी काढवानी छे, गभराशो नहीं.” मायच्या तोंडावरचं रक्तच गेलं. आपल्याकडे कोथळा एकच, पोवाड्यात निघतो तो, पोट फाडून आतडी बाहेर येतात तो. ती थेट आत आली, खाटेपाशी आली, आणि तिने माझं मनगट धरलं. त्या दिवसांत. तिच्या लक्षातही आलं नाही. माय म्हणाली, “मी मन्ही आंडेरना कोथळा काढू नही देसू. चाल, ऊठ, आठे नही ऱ्हावानं.”

इथवरचा किस्सा तुम्ही सांगता. आता पुढचं ऐका. मला तिची चूक तिथल्या तिथे कळली. कोथळा नही माय, कोथळी, एवढे चार शब्द सांगायचे होते. मी सांगितले नाहीत. मला आतून हसू आलं आणि सुटल्यासारखं वाटलं. निवाडा माझ्या हातून गेला, मायने नेलं, माझ्यावर बोल नाही. मूल होण्याची वाट उघडी राहिली आणि पळपुटेपणा मायच्या नावावर गेला. मायने मनगट धरलं होतं ते मी सोडवलं नाही, एवढंच नाही, मीही तिचा हात घट्ट धरला. नंदुरबारला उतरेपर्यंत तिने ते धरून ठेवलं होतं.

पुढची दोन वर्षं मी जास्त करून गावीच काढली. हे सुरतेत, मी तिकडे, महिन्याकाठी ते येऊन जात. गावभर झालं की सुरतेत बायांचा कोथळा काढतात, आणि मी ते ऐकून गप्प बसले. दुखणं तीन दिवसांचं आठ दिवसांवर आलं, मग वीस दिवसांवर. गाडीत बसवेना, कापूस वेचायला वाकवेना. सासरी गेले की सासूबाई आता मला ऐकू जाईल अशा बेताने दुसऱ्या सुनेचं बोलू लागल्या. मी दर महिन्याला चार दिवस उशीर झाला की मनात आशा धरायची, आणि पाचव्या दिवशी पडवीत जायची.

आखाजीला माहेरवाशिणी आल्या होत्या, लिंबाला झोके बांधले होते, तुम्हाला आठवत असेल. मी झोक्यावर बसलेही नव्हते, नुसती दोरी धरून उभी होते, तिथेच खाली पडले. पोट फुगलं होतं, ओकाऱ्या थांबेनात. आबा म्हणाले आता काय करायचं. माय उंबऱ्यावर बसली होती. भाऊ, तू तेव्हा शेतात होतास, म्हणून तुला तिचे शब्द माहीत नाहीत. ती म्हणाली, “चला सुरतले. कोथळा काढतस ते काढू द्या, पन पोरले वाचाडा.” तिच्या मनात अजून तोच पोवाड्यातला कोथळा होता. ते माहीत असून ती मला घेऊन निघाली.

मला राहवलं नाही. नवापूर गेल्यावर गाडीत मी म्हटलं, “माय, कोथळा नही. कोथळी. पिशवी शे ती, पोऱ्यास्नी.” मायने विचारलं, “मंग तू तवय का नही सांगं?” उधना येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

तीच पारशीण डॉक्टर होती. तिने मला ओळखलं आणि आधी खूप रागावली. तपासल्यावर मात्र तिचा आवाज खाली आला. म्हणाली, आता सगळंच काढावं लागेल, गर्भाशय, दोन्ही बाजू, सगळं आतड्याला चिकटलं आहे, आतडंच कधी बंद पडेल सांगता येत नाही. मी म्हटलं, ते तर तुम्ही मागेही सांगितलं होतं. तिने चष्मा काढला. “ना बेन. ते वखते तो फक्त डाबी बाजूनी लोहीनी कोथळी काढवानी हती. गर्भाशय तो रहेवानुं हतुं.”

त्या वेळी फक्त डाव्या बाजूला साचलेल्या रक्ताची पिशवी काढायची होती. गर्भाशय राहणार होतं. मूल झालंच असतं असं ती म्हणाली नाही. पण त्यासाठीच तर ती काढणार होती, म्हणून तर तिने मुलं हवीत ना असं विचारलं होतं. मायने कोथळीचा कोथळा ऐकला, कारण तिला गुजराती येत नव्हतं. मला येत होतं. मी कोथळी बरोबर ऐकली आणि चुकीची समजले.

मी एक दिवस मागून घेतला. माय बाहेर व्हरांड्यात बसली होती, तिला मी यातलं काही सांगितलं नाही. हे आले, त्यांनाही नाही. या वेळी कुणी मनगट धरायला नव्हतं, आणि धरलं असतं तरी मी सोडवून घेतलं असतं. न काढता राहिले तर मूल होईल का, असं मी या वेळी नीट विचारलं, जागेचं नाव घेऊन विचारलं. डॉक्टरीणबाईने तोंडाने नाही म्हटलं नाही, नुसती मान हलवली. क्लोरोफॉर्ममधून उठेन का, असंही विचारलं. ती म्हणाली, बहुतेक. मी दिवसभर खाटेवर पडून त्या दोन वर्षांचा विचार केला. ज्याची वाट बघत मी ती काढली, ते येण्याचा रस्ता मीच मागे ठेवून आले होते. आता मूल मागण्याची वेळ गेली होती, जीव मागण्याची राहिली होती. संध्याकाळी मी हो म्हटलं आणि यांनी कागदावर सही केली. मी त्या रात्री मुलासाठी रडले. त्याला नाव ठेवलेलं नव्हतं, पण रडायला नाव लागत नाही.

दुखणं गेलं. चौदाव्या वर्षापासून अंगात बसलेलं ते, टाके सुकल्यावर शोधून सापडेना. त्याच्या जागी सत्तावीस वर्षांच्या बाईला म्हातारीच्या वाफा यायला लागल्या, थंडीतही पदराने वारा घ्यायची. गावच्या बाया म्हणाल्या, बरं झालं बाई, सदा सोवळी झालीस, लोणच्याला केव्हाही हात लाव. त्यांनी मनापासूनच म्हटलं. दीड वर्षाने सासूबाईंनी यांच्यासाठी मुलगी बघितली. यांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं, कुणी दोष देऊ नका. ते पुन्हा नंदुरबारच्या जिनात गेले, त्यांना दोन मुलं आहेत, मोठा मला मोठी आई म्हणतो. मी सुरतेतच राहिले, त्याच इस्पितळात आया म्हणून.

तुम्ही विचारता, एकटी तिथे काय करतेस, घरी ये. मी काय करते ते सांगते. खांडबारा, नवापूर, नंदुरबारकडून सकाळच्या गाडीने बाया येतात. दारात उभ्या राहतात आणि “मन्हं पोट दुखस वं” म्हणून माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याबरोबर आत जाते. डॉक्टरीणबाई एक वाक्य बोलते की मी तिला थांबवते. कोणती कोथळी, कुठल्या बाजूची, काढल्यावर काय राहणार, मूल होणार की नाही. सगळं विचारून घेते, मग आपल्या बोलीत सांगते, मग त्या बाईकडून परत वदवून घेते. डॉक्टरीणबाई कंटाळते, म्हणते, ही बाई माझी अर्धी सकाळ खाते. लढाईच्या दिवसांत औषधं मिळेनात, रांगा लागायच्या, तेव्हाही मी माझी रीत सोडली नाही. डोंगरातल्या बाया आल्या तर त्यांची बोली मला नीट येत नाही, तेव्हा मी येत नाही असं सांगते आणि दुसरं कुणी शोधते. हे येत नाही म्हणणं शिकायला मला फार किंमत पडली. आपल्या बोलीतलं घर असं रोज गाडीने माझ्याकडे येतं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातं.

माय शेवटच्या आजारात असताना मी पंधरा दिवस येऊन राहिले होते. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी तिचे पाय चेपत होते. तिने डोळे न उघडता विचारलं, “मी तुले तठेन लई ऊनू, ते मन्हं चुकनं का वं?”

तिने मला तिथून उठवून आणलं ते चुकलं का, इतकी वर्षं ती हे मनात धरून होती. तुम्ही ओट्यावर किस्सा सांगून हसायचा तेव्हा तीही हसायची, आणि आत जाऊन हे धरून बसायची. मी तिला खरं सांगू शकत होते, की चूक माझी होती, दोनदा माझी होती. पण मग ती सारी दोन वर्षं तिच्यासमोर पुन्हा उभी राहिली असती, आणि राहू शकलं असतं ते गर्भाशयही. तिला मरताना नातवंड दाखवून परत काढून घेतल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, “नही माय, तू बरोबर कयं. तवय कापतात तं मी मरी जाती.” तिने माझा हात दाबला. दोन दिवसांनी गेली.

भाऊ, तो किस्सा आता सांगू नकोस. सांगायचाच असला तर पुरा सांग, माझ्या नावाने सांग. आपल्या गावात अजून एखादी पोर पडवीत लोळत असेल आणि कोथळ्याच्या भीतीने तिला कुणी गाडीत बसवत नसेल, तर तिला माझ्याकडे पाठव. सुरतेत मी दिवसभर खरं तेच बोलते, शब्द तपासून तपासून. घर म्हणजे मला एवढंच उरलं होतं, की तिथे एक माणूस होतं ज्याच्यासाठी खोटं बोलावंसं वाटे. आता तिथे तसं कुणी नाही, म्हणून हे लिहून पाठवलं.